तीन रुपयांची रंगपेटी

ही वही कोणाला तरी माझ्या मुलीला वाचून दाखवावी लागेल. त्यांची आधीच माफी मागते. मी चौथी शिकलेली. अक्षर कोंबडीच्या पायांचं, ऱ्हस्वदीर्घ चुकणारच. तिला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तुम्हाला हा त्रास.

चित्रकलेचा तास होता. यवतमाळहून आणलेली नवी रंगपेटी गुरुजींनी दाराजवळ उघडून ठेवली होती. माझी शेवंता तेव्हा नऊ वर्षांची. मी शाळेत झाडलोट करायची, तेवढा वेळ ती उंबऱ्याबाहेर बसायची. रंगाचा वास आला तसा तिने हात पुढे केला आणि रंगाच्या एका वडीवर बोट ठेवलं.

"ए बाई! उचल तुही आंधळी! पेटी बाटवली न तिनं!"

गुरुजी ओरडले. मुलं हसली. गुरुजींना आणखी चेव आला.

"आंधळीले रंग कायले पायजे वं? उद्या म्हणशीन, बहिऱ्याले तबला शिकवा."

मग म्हणाले, "आता हे पेटी कोणाचं पोरगं हाती धरन? तीन रुपये भर. महिन्याचे आठ आणे कापतो."

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. तरी माझ्या तोंडून निघालं, "बरं जी."

त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते. ज्या जमिनीवर बसून त्यांची मुलं चित्रं काढत, ती दर शनिवारी मीच शेणाने सारवायची. ती बाटत नव्हती.

घरी जाताना मी शेवंतालाच मारलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "माय, लाल कसा असते वं?"



शनिवारी वर्ग सारवताना ओल्या सारवणात मी बोटाने पिंपळाचं पान ओढलं. वाळल्यावर तिचा हात त्यावर ठेवला. तिचं बोट एकेका शिरेतून फिरलं.

"पान हाये, माय! देठ इकडं!"

तिला चित्र येत होतं. शिकवणाऱ्यालाच येत नव्हतं.

सोमवारी गुरुजींनी ते पान चपलेने खरडून काढलं. "शाळा तुह्या बापाची हाये का?"

मग मी घरी सुरू केलं. कागदावर बाभळीच्या डिंकाने सुताची रेघ चिकटवायची, आत रंग भरायचा. गेरूत वाळू, तो लाल. हळदीत ज्वारीचा कोंडा, तो पिवळा. शेवंता बोटाने रंग ओळखू लागली. पण पानाला हिरवा हवा. हिरवा पेटीत होता, आणि पेटी कपाटात कुलपात.

सहाव्या महिन्यात शेवटचे आठ आणे कापून गुरुजींनी माझा पगार वरून टाकला. हाताला हात लागू नये म्हणून. मी तो उचलला नाही.

"पेटी द्या."

"कोणती पेटी? शाळेची हाये ते."

"शाळेची हाये तं पैसे माह्यापासून काहून घेतले?"

मी कधी कोणाशी मान वर करून बोलले नव्हते.

"लय बोलाले लागली तू. कामावरून काढून टाकीन."

"काढा. पेटी द्या."

मी जागची हलले नाही, तेव्हा त्यांनी कपाटाची किल्ली फेकली. मी पेटी काढली. शेवंताला उंबऱ्याच्या आत आणलं, मुलांच्या बसायच्या पहिल्या पट्टीवर बसवलं. हिरव्या वडीवर तिचं बोट ठेवलं.

"हा हिरवा."

उद्याही मी तिला तिथेच बसवणार होते. काम गेलं तरी बसवणार होते. तीन रुपये पुरे फिटले होते.