खाडीकडच्या आळीचा नळ

ऐंशीच्या दशकातल्या एका मार्च महिन्यात, नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका गावात, ग्रामपंचायतीने सार्वजनिक नळाची जागा ठरवली. नळ खाडीकडच्या आळीने मागितला होता. मतदान झाले तेव्हा त्या आळीच्या एकमेव सदस्य बाहेर ओट्यावर बसल्या होत्या.

मी सांगलीहून आदल्या दिवशी आलो होतो. इंग्लंडमधल्या एका बरोचे (तिकडची नगरपालिका) नगरसेवक पार्कर नवे शहर पाहायला आले होते आणि माझ्या वर्तमानपत्राने मला दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर धाडले होते.

सकाळी बेलापूरच्या सरकारी कचेरीत एका अभियंत्याने शहराचा नकाशा दाखवला. इथले नगरसेवक कोण, असे पार्करनी विचारले. अजून कोणी नाहीत, निवडणूकच झालेली नाही, असे उत्तर मिळाले. मग लोक भांडायला कुणाकडे जातात? अभियंता म्हणाला, इथेच येतात, जेवणाच्या सुट्टीत. पार्करनी निवडून आलेला एक तरी माणूस भेटवा असा हट्ट धरला, म्हणून आम्ही गावाकडे निघालो.

तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत जीप अडकली. कारखान्यांकडचा तो रस्ता ओलांडून बायका डोक्यावर हंडे नेत होत्या. एका ट्रकचालकाने कर्णा वाजवला, तर एका बाईने हंडा न सांडता त्याच्या सात पिढ्या काढल्या. पार्करनी अर्थ विचारला. मी सांगितला नाही.

सरपंचांकडे तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) होती. जेवताना सरपंचांनी तिकडचा कारभार कसा चालतो ते विचारले. पार्करनी सांगितले: महापौर गळ्यात सोन्याची साखळी घालून वर्षभर मिरवतो, पण कामे समित्या ठरवतात आणि नोकरवर्ग ती करतो. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा फायदा असेल, तो विषय निघाला की सदस्य तसे सांगतो आणि बाहेर जातो. सरपंचांनी मला हे शेवटचे वाक्य दोनदा सांगायला लावले.

जेवणानंतर शाळेच्या खोलीत सभा भरली. खाडीकडच्या आळीच्या सदस्य हिराबाई बोलायला उठल्या. आळीतल्या बायकांना ट्रकांमधून रस्ता ओलांडावा लागतो, एक पोरगी थोडक्यात वाचली, नळ आळीतच हवा, इतकेच त्या म्हणाल्या. दुसरी जागा देवळामागे सुचवली होती.

सरपंच म्हणाले, "सायबांचा कायदा लय चांगला हाय. हिरा वयनी, तुमचा घर त्याच आलीन ना? मंग जरा भायेर बसा."

पार्कर खुर्चीतून अर्धे उठले. हा नियम सगळ्यांना सारखा असतो, देवळामागे कुणाचे घर आहे ते विचारा, असे त्यांनी मला सांगितले. मी विचारले.

"माझा नाय," सरपंच म्हणाले. "माझ्या मेवन्याचा हाय."

तिकडे नातेवाईकही धरतात, असे पार्कर म्हणाले. मी तेही सांगितले.

"मंग आख्खा गाव भायेर बसंल. हितं सगलेच सोयरे."

सगळे हसले. हिराबाईही किंचित हसल्या, मग पदर खोचून उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मी भायेर बसतंय. पन उद्यापासना पानी तुमीच भरून आना."

पार्करनी मला आणखी तीन वाक्ये सांगायला दिली. पहिले संपण्याआधीच हात वर झाले होते. नळ देवळामागे मंजूर झाला. सरपंचांनी पार्करना शाल आणि नारळ देऊन त्यांच्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. ते भाषणही मलाच इंग्रजीत सांगावे लागले. बेलापूरला उतरताना पार्करनी शाल जीपमध्येच ठेवली.

तीन दिवसांनी त्यांचे विमान सुटले. सांगलीची गाडी धरण्याआधी मी एकदा गावात जाऊन आलो. देवळामागे नळाच्या चौथऱ्याचे काम सुरू झाले होते. आदल्या दिवशी पुन्हा सभा झाली होती, असे ग्रामसेवकांनी (पंचायतीचे दफ्तर सांभाळणारे सरकारी नोकर) सांगितले. विषय सरपंचांच्या दारापुढच्या रस्त्याचा होता. हिराबाईंनी सरपंचांना बाहेर बसायला सांगितले. सरपंच खुर्चीवरून उठले नाहीत.