जोडव्याखालचं नख

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या अंबूबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, म्हणजे रखमाजीचं, जमत नाही हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. रस्त्यावरून जाताना ऐकू यायचं. सकाळी चुलीपुढे पेटलेलं भांडण दुपारी जेवणापुरतं थांबायचं, तेही तोंडात घास असताना शिव्या नीट देता येत नाहीत म्हणून.

पण अंबूबाईच्या शिव्यांना रीत होती. नवऱ्याला ती अहो-जाहो करूनच शिव्या द्यायची. ‘तुमच्या अकलेला वाळवी लागली’ इथपासून सुरुवात होऊन त्याच्या सात पिढ्यांच्या अकलेपर्यंत ती वाळवी पोचायची. शेळी ‘मेली’ होती, शेगडी ‘मेली’ होती, मोबाईल तर घरात आल्या दिवसापासून ‘मेला’ होता. पण नवऱ्याच्या बाबतीत तो एक शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. जिभेच्या टोकापर्यंत यायचा आणि चपला न काढता माघारी फिरायचा.

भांडणाचं मूळ विहिरीजवळच्या भातखाचरात होतं. रखमाजीने ते तिला न विचारता एका बंगलेवाल्याला विकलं. लग्न होऊन आल्यापासून जिथं तिने भाताची आवणी केली, तिथं आता निळ्या फरशीचा तलाव झाला होता आणि शनिवार-रविवारी त्यात मुंबईची माणसं डुंबत होती. “भाताला पानी पुरत न्हवतं, ह्यांच्या ढुंगनाला पुरतंय,” असं ती कुंपणापाशी उभी राहून म्हणायची. मावशी काहीतरी प्रेमाने बोलतायत असं समजून तलावातली माणसं हात हलवायची.

उरलं ते ओढ्याकडचं खाचर. तिथल्या आवणीत दरवर्षी तिच्या पायाला चिखल्या व्हायच्या आणि मेंदी लावली की दसऱ्यापर्यंत जायच्या. यंदा त्या मुक्कामालाच राहिल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख आधी पिवळं पडलं, मग जाडजूड झालं, मग जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा त्याचा भुगा पडू लागला. अंबूबाई म्हणाली, नखुरडं आहे. तिने हळद बांधली, एरंडेल लावलं, शेवटी नखालाच शिव्या दिल्या. नख कशालाच बधलं नाही. मग सून अनिताने सूत्रं हातात घेतली. ही अनिता कुसगावच्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला होती, आणि न उठणाऱ्या पाहुण्यांना वेळेवर उठवण्याचा तिला सराव होता. तिने सासूला रिक्षात घातलं आणि लोणावळ्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नखाचा भुगा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर सांगितलं, नखुरडं नाही, बुरशी आहे. पोटात घ्यायच्या गोळ्या त्यांना द्यायच्या नव्हत्या, कारण अंबूबाईला मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या आणि लिव्हरही फारसं धड नव्हतं. म्हणून वरून लावायचं औषध आलं. नेलपॉलिशसारखी इवलीशी बाटली. आठवड्यातून दोनदा नख घासायचं, पुसायचं, औषध लावायचं आणि वाळू द्यायचं. हे जुनं नख पुढे सरकून नवं पुरतं येईस्तोवर, म्हणजे वर्षभर तरी. अंबूबाईने मान डोलावली. जन्मभर त्या माणसाला सोसलं, तिथं नखाची काय कथा.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि हे जोडवं काढायचं. याच्याखाली पाणी साचून राहतं, कातडी बघा कशी पांढरी पडलीय. साखर आहे तुम्हाला, मावशी. उद्या चिघळलं तर नखावर भागणार नाही. बोट जाईल.”

अंबूबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

ते जोडवं लग्नात चढलं होतं ते चढलंच होतं. जुन्या घडणीचं, जाड, अखंड चांदीचं. बोटाला त्याची खाच पडली होती. अंबूबाईच्या लेखी जोडवं बाईच्या आयुष्यात एकदाच उतरतं, आणि त्या दिवशी ते दुसऱ्या बायका उतरवतात. तिसऱ्या बोटात घाला, असं अनिताने सुचवून पाहिलं, पण चिखल्या तिथंही होत्या.

घरी आल्यावर रखमाजीने बाजेवर पडल्या पडल्या निकाल दिला. “काड की मग. माजं काय जातंय?”

“तुमचंच जातंय.”

“दुसऱ्या पायात हाय की एक.”

“एका पायातलं म्हंजी अर्धंच आयुष्य,” अंबूबाई म्हणाली. “अर्धं अंग गेलं तर उचलायचं कुनी? मी? ह्या पायानं?”

 रखमाजी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. अनिता मग चेष्टेत म्हणाली की आत्या, मामंजी डोळ्यापुढं बसलेले दिसतायत तोवर काढून ठेवा, काही झालंच तर घाला लगेच. तिने चेष्टा केली, सासूने कायदा केला. दुसऱ्या दिवसापासून अंबूबाई सकाळी साबण लावून जोडवं काढायची, कोनाड्यात ठेवायची, आणि रखमाजीने तिच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. रात्री झोपेत पहारा करता येत नाही म्हणून जोडवं परत चढायचं. हे डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नाही.

एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसलेली दोन माणसं अशी दिवसभर समोरासमोर बसू लागली. आठवड्यातले दोन दिवस अनिता कामावर जाण्याआधी नख घासून औषध लावून जायची. पहिल्या दिवशी मदत म्हणून रखमाजीने कोयत्याला धार लावायची कानस आणून पुढे ठेवली. “पाय हाय, कोयता न्हाई,” असं म्हणून अंबूबाईने ती अंगणात भिरकावली. औषध वाळेपर्यंत ती त्याच्याकडे टक लावून बघत राहायची. त्याने डोळे मिटले की खाकरायची, घोरू लागला की निवांत व्हायची, आणि घोरणं थांबलं की काठीने बाज हलवायची.

“झोपू दे की.”

“झोपा. आवाज करून झोपा.”

रखमाजीची सकाळ नाक्यावरच्या चहाच्या टपरीत जायची, ती बुडाली. ठाकरवाडीचा त्याचा दोस्त शिदू बोलवायला यायचा, पडवीत दोघांचं ते तोंडाला तोंड देऊन बसणं बघायचा आणि पॅरोल कधी म्हणून विचारायचा. टपरीवर बोलणं सुरू झालं की रखमाजीला बायकोने पायाशी बांधलंय. ते ऐकून रखमाजी आणखी पेटायचा आणि तिच्या नखाचा, नखाच्या बुरशीचा आणि बुरशीच्या माहेरचा उद्धार करायचा. अंबूबाई खाचराचा विषय काढायची. त्यातच थंडी सरली.

नख मात्र या सगळ्यात मुकाट्याने आपलं काम करत होतं. मुळाशी गुलाबी, गुळगुळीत कड दिसू लागली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. अंबूबाई घरी येऊन, कुणी बघत नाहीसं पाहून, त्या कडेवरून हळूच बोट फिरवून बघायची.

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी उन्हाने तिचा डोळा लागला. समोरची बाज रिकामी झालेली तिला कळली नाही. शिदूच्या मोटारसायकलवर बसून कैदी भुशी धरणावर पळाला होता. फटफटीच्या आवाजाने तिला जाग आली तेव्हा रखमाजी अंगणात उतरत होता. एक हात छातीवर, कपाळाला दरदरून घाम, तोंडाने ‘आई गं’.

अंबूबाईने पाणी आणलं नाही, हाक मारली नाही. तिने कोनाड्यातलं जोडवं घेतलं आणि सुकलेल्या बोटात, साबण नाही की तेल नाही, दात-ओठ खाऊन कोंबलं. कातडी सोलली. मग ती ओरडली.

लोणावळ्याच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. भुशीच्या टपरीवर बसून नवऱ्याने जी काही कांदाभजी आणि वर तळलेल्या मिरच्या हाणल्या होत्या, त्या वर यायची वाट शोधत होत्या. ढेकर आल्यावर त्याचा चेहरा जागेवर आला. मग डॉक्टरीणबाईंचं लक्ष फरशीवरच्या रक्ताच्या ठिपक्यांकडे गेलं. त्यांनी पाय बघितला आणि सरळ झापलं. सूज चढायच्या आत जोडवं निघालं पाहिजे, नाहीतर कापून काढावं लागेल.

कापून! अंबूबाई कुणी हात लावायच्या आत लंगडत रिक्षात जाऊन बसली. घरी आल्यावर पडवीत भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली. अनिताला तिने हात लावू दिला नाही.

तेव्हा रखमाजी उठला. गार पाण्याचं घमेलं आणि साबणाची वडी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“पाय दे.”

“न्हाई. म्या डोळा मिटला, जोडवं कोनाड्यात हुतं, आन् तुमी छाती धरून आला. आनी काय बघायचं ऱ्हायलंय?”

“त्ये भज्यानं झालं.”

“भजी काय तुमी पयल्यांदा खाल्ली?”

त्याने वाद घातला नाही. वाकून तिचा घोटा धरला. अंबूबाईने घाबरून पाय मागे ओढला. “अवो, पाय नका धरू. पाप लागंल मला.”

“खाचर विकल्यापासनं रोज शिव्या देतीस, तवा न्हाई लागलं? गप बस.”

त्याने बोट पाण्यात धरून ठेवलं, फेस केला, आणि जोडवं फिरवत फिरवत, तिने केलेल्या आठ-दहा उद्धारांकडे कान न देता, बाहेर काढलं. कोनाड्याकडे तिचे डोळे गेले. रखमाजीने ते कोनाड्यात ठेवलं नाही. आपल्या उजव्या करंगळीत घातलं. दुसऱ्या पेरावर अडलं, तेव्हा साबण लावून पुढे ढकललं.

“आता माजं आयुष्य माज्याच बोटात,” तो म्हणाला. “तुला राखन बसायचं काम न्हाई. नख येऊ दे पुरतं, मग घे मागारी.”

अंबूबाईने बराच विचार केला. जोडवं उतरलं होतं, पण कुणाच्या हातून, तर त्याच्याच. ठेवलंय कुठं, तर त्याच्याच अंगावर. तिला यात खोट सापडेना, आणि खोट न सापडणं ही तिच्या संसारातली नवीच गोष्ट होती.

सकाळी रखमाजी टपरीवर गेला. लोक हसले असणार. शिदूने, तुला कुठल्या घरी दिली गं, म्हणून विचारलं, असं अनिता सांगत आली. त्यावर नख उगवायचंय एवढंच बोलून मामंजींनी चहा संपवला म्हणे. इकडे जखम सुकल्यावर अंबूबाईने बाटली पुन्हा उघडली. नवं नख जागच्या जागी होतं. तिने औषध लावलं आणि ते वाळेपर्यंत तांदूळ निवडत बसली, रस्त्याकडे न बघता.

रखमाजी परतला आणि शेण काढायला गोठ्यात शिरला, तशी ती बसल्या जागेवरून कडाडली. “उजव्या हातानं भरू नका. आन् हात धुताना साबन लावू नका, निसटंल.”

“मग धुवू कशानं?”

“न्हाई धुतला तरी चालतंय. पर काडायचं न्हाई.”

“आन् जेवू कसा?”

“डाव्या हातानं जेवा. न्हाई तरी तुमाला कोन पंगतीला बोलावतंय?”