दोन सारख्या रेघा

ओल्या काळ्या मातीवर दोन रेघा उमटल्या होत्या, शेजारी शेजारी, अगदी सारख्या लांबीच्या. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, माती आणि रॉकेल यांच्या मिसळलेल्या वासात मी त्या पाहत उभी होते. जुनाट ट्रॅक्टरची चाकं जिथे घासत थांबली, तिथल्या या खुणा. त्यांत पाहण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही चार दिवसांपूर्वी तसंच वाटलं असतं.

ट्रॅक्टर माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे खरं तर भाऊजींचा. उमरेडकडच्या शेतात त्यांनी तो जन्मभर चालवला. गेल्या वर्षी ते गेले आणि मुलांनी भंगारवाला शोधायला घेतला. बासष्ट वर्षांची ताई मात्र हटून बसली, की हा आता मी चालवणार. सपाट वावरात चालवायला ती केव्हाच शिकली होती. प्रश्न होता तो नाल्याकडच्या उताराचा. शेवटी मुलांनी एकच अट घातली: ब्रेक दुरुस्त झाले तर ठेवू, नाहीतर भंगार. म्हणून तो ट्रकवर चढवून आम्ही नागपूरला, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या परसरामजींच्या शेडवर आणला.

परसरामजींचे वडील हातमागावर लुगडी विणत. मुलाच्या हाती मागाऐवजी पाने आले, पण बोटांतली विणकराची चिकाटी गेली नाही. त्यांनी चाकाआडचा ड्रम उघडला. ब्रेकच्या पट्ट्या झिजून आतले रिव्हेट उघडे पडले होते, वर तेलाचं जुनं किटण.

"बाई, याले ब्रेक नाहीच. मालक कशाच्या भरवशावर चालवून राहिले होते?"

भरवसा मला ठाऊक होता. भाऊजी मागचा कल्टिव्हेटर खाली टाकत, फाळ मातीत रुतत आणि ट्रॅक्टर थांबे. आम्ही ती त्यांची लकब समजत होतो. पण उतारावरच्या टणक मुरमात फाळ रुतणार कसे?

ताई एकदम खाली बसली. "उतार आला का हे मले उतरवून देत. म्हणत, तू पायी ये. मले वाटे, गावासमोर याइले माही लाज वाटते." मग हळूच म्हणाली, "सांगतलं काहून नाही मले?"

तिला रागही आला होता आणि रडूही येत होतं. मला तर भाऊजींचा रागच आला. बायकोला उतरवण्याइतकं ज्याला कळतं, त्याला ब्रेक करून घेण्याइतकं कळू नये? स्वतःच्या जिवाची काहीच किंमत नव्हती? पण आपल्याकडच्या किती पुरुषांची माया ही अशी हुकुमाच्या तोंडाने बोलते! आपण तो हुकूम तेवढा ऐकतो आणि वर्षानुवर्षं मनात धरून बसतो.

त्या मापाच्या पट्ट्या कुठेच मिळेनात, तेव्हा परसरामजींनी मोठ्या गाडीच्या पट्ट्या कापून, घासून बसवल्या. या ट्रॅक्टरला डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन्हींनी एकाच क्षणी, सारख्या जोराने धरलं नाही तर गाडी एका अंगाला ओढते. पारखायला त्यांनी ताईलाच वर बसवलं. "दाबणारा पाय तुमचा हाये. मी दाबून काय फायदा?"

ती ब्रेक दाबे, ते खाली वाकून रेघा वितीने मोजत, नट कणभर फिरवत, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं अकरा वेळा. लुगड्याचे दोन्ही काठ जुळवताना त्यांचे वडील असेच अडून बसत असतील. ड्रम बंद झाल्यावर जे कुणालाच दिसणार नाही, त्यासाठी एवढी निष्ठा! घाईघाईत लिहून टाकलेली माझी कितीतरी वाक्यं मला त्या प्लॉटवर आठवली.

परवा मी ताईबरोबर शेतावर गेले, तिच्या शेजारी मडगार्डवर बसून. उताराचा माथा आला आणि भीतीने मी एक पाय खाली सोडला. रस्त्यावरची नजर न काढता ताई म्हणाली, "बसून राय वं. उतरू नको."

अर्ध्या उतारावर तिने मुद्दाम ब्रेक दाबला. ट्रॅक्टर सरळ उभा राहिला. आम्ही दोघींनी मागे वळून पाहिलं. मुरमावर दोन सारख्या रेघा होत्या. आणि त्यांच्या कडेने, तिने इतकी वर्षं एकटीने तुडवलेली पायवाट.