निळ्या हाताची सिस्टर

तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या पेनानं लिहिलेलं असायचं. खाटेचा नंबर, इंजेक्शनची वेळ, कुणाचा ताप. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या दोन वॉर्डांना दिवसपाळीला ती एकटीच. कागद शोधायला वेळ नसायचा, हात मात्र सोबतच. आम्ही तिला निळी सिस्टर म्हणायचो.

मी आठवीत शाळा सोडलेली. बाजारहत्नूरहून आईला घेऊन आले होते, तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कुणी काही विचारलं की मला बोलायची भीती वाटायची.

सिस्टर आमच्याशी मराठी बोलायची, डॉक्टरांशी तेलुगू, आणि ड्युटीवरच्या टॅबशी नुसतं पुटपुटायची. प्रत्येक गोळी, प्रत्येक सुई त्यात भरायची. नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. "पहिले पेशंटच्या तोंडाकडे पाह्यलं का समजे मले, कोण बिघडून राह्यलं," ती आईला म्हणाली. "आता याचंच तोंड पाहा दिवसभर."

"कुकू लावा मंग त्याले," आई म्हणाली, आणि टाके धरून हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आईची लघवीची पिशवी पाहिली. रिकामी. टॅबमध्ये सकाळपासून शून्य. लघवीच बंद झाली, असं त्यांना वाटलं. ते तेलुगूत भराभर बोलले, त्यातलं हैदराबाद तेवढं मला कळलं, आईला तिकडे हलवणार होते. आईनं माझी ओढणी घट्ट धरली.

पिशवी मीच रिकामी केली होती. दोनदा. एवढं काम असलेल्या सिस्टरला आपली घाण कशाला दाखवायची, म्हणून ती यायच्या आत ओतून, नळी पुसून ठेवायची. पाहुणा यायच्या आधी अंगण झाडतात, तसं.

सांगितलं तर हाकलून देतील असं वाटत होतं. तिकडे अॅम्ब्युलन्सला फोन लागत होता. मी तो निळा हात धरला आणि सांगून टाकलं.

ती रागावली नाही. "कुठलोक भरली होती?" एवढंच. मी पिशवीवरच्या रेघा बोटानं दाखवल्या. तिनं आकडे हातावर लिहिले, डॉक्टरांना सांगितले. दोन तास थांबून पाहू, असं ठरलं. दोन तासांत लघवी पिशवीवरच्या पहिल्या रेघेच्या वर आली.

मग ती खाटेच्या कडेला टेकली. तिला बसलेली मी तेव्हाच पाहिली. "घाण नाई वं ते, खबर हाय. अन् तुले काऊन बोलू मी? मीच नाई इचारलं. टॅबमधी डोकं होतं माह्यं."

सुट्टी झाली त्या दिवशी मी पाया पडायला वाकले. ती नव्या बाईचं नाव टॅबमध्ये चढवत होती. "जाय वं, खाट लागते मले," म्हणाली. हातावर आईच्या खाटेचा नंबर अजून पुसट दिसत होता.

आता मी हैदराबादला एका दवाखान्यात आयाचं काम करते. इथल्या नर्सही टॅबमध्ये मान घालूनच येतात. बोलताना मला अजून भीती वाटते. तरी त्यांनी विचारायच्या आधी पिशवीचा आकडा मोठ्यानं सांगते. मग एखादी मान वर करते, आणि पेशंटच्या तोंडाकडे पाहते.