कॅलेंडरात नसलेलं नाव

आमच्या फ्रेशेदा गावात बायकांची नावं मोजकीच. रोझा, मारिया, आना, फारच झालं तर कोन्सेसांव, अल्बेर्तिना, सेलेस्त. चौकात उभं राहून 'अगं रोझा' अशी हाक मारा, निम्म्या गावाच्या खिडक्या उघडतील. अशा गावात एका बाईचं नाव झेलिंदा असावं, याला काय म्हणायचं? तिच्या आईची हौस, दुसरं काय!

ती जन्मायची होती तेव्हा डोंगरात कथलाची खाण चालू होती आणि खाणीवर एक इटालियन इंजिनियर होता. त्याच्या बायकोचे कपडे झेलिंदाची आई धुवायची. पोटात पोर वाढत होतं. आईनं विचार केला, बाप्तिस्म्याला गावातल्या कुठल्या रोझाला धर्मआई करून काय मिळणार, फार तर अर्धा डझन अंडी. ही गोरीगोमटी बाई लेकीची धर्मआई झाली, तर लेकीचं भलं होईल. बाई आनंदानं तयार झाली. आणि आमच्याकडची रीत अशी, की मुलगी झाली तर तिला धर्मआईचंच नाव. त्यात फाटे फोडायचे नाहीत. बाईचं नाव होतं झेलिंदा, म्हणून पोरीचंही झेलिंदा.

त्या वेळच्या पाद्रीबाबांनी कपाळाला आठ्या घातल्या म्हणतात. "या नावाची संतीण कुठल्या तारखेला येते? संतांच्या कॅलेंडरात तर दिसत नाही." पण पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं त्यांनी. पुढे वर्षाच्या आत खाण बंद पडली, निम्मा गाव रिकाम्या हातानं घरी बसला आणि इटालियन बाई सामानसुमान बांधून आपल्या मुलखात निघून गेली. मागे राहिलं ते नाव, आणि ते बाळगणारी एक तान्ही पोर.

आता खाण कथील संपल्यामुळे बंद पडली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमच्या बायकांना कोण सांगणार? ना संतीण, ना नावाचा सण, आणि आल्या आल्या गावाची भाकरी गेली. नाव वाईट पायगुणाचं, असं ठरून गेलं. झेलिंदाशी कुणी वाईट वागलं असं नाही हं. सूप जास्त झालं तर वाटीभर तिच्याकडे जायचं, लोकर कातायला बायका तिच्या चुलीपाशी येऊन बसायच्या. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, तेव्हा रडायलाही चार जणी होत्या. पण एखादीला दिवस गेले, की ती झेलिंदाच्या नजरेला नजर देईनाशी व्हायची. पाणवठ्यावर गप्पा चालू असल्या तरी मान दुसरीकडे. कारण उघड होतं. हिला धर्मआई केलं, तर पोरीच्या कपाळी झेलिंदा नाव येणार. आणि मुलगा होईल याची खात्री कोण देणार?

असं करत करत सगळा जन्म गेला.

झावळ्यांचा रविवार तिला सर्वात जड जायचा. त्या दिवशी गावातली झाडून सगळी पोरं ऑलिव्हच्या फांद्या घेऊन, त्यांना फुलं बांधून, आपापल्या धर्मआईकडे धावतात. मोठी झालेली, मिशा फुटलेली पोरंसुद्धा जातात. फांदी द्यायची, हाताचा मुका घ्यायचा, आशीर्वाद मागायचा. पुढच्या रविवारी, ईस्टरला, धर्मआईनं त्यांना मांस भरलेला गोल पाव द्यायचा. चांगल्या धर्मआईच्या उंबऱ्यावर फांद्यांचा ढीग साचतो, आणि दुसऱ्या दिवशी बायका येता-जाता कुणाचा ढीग केवढा ते बघतात. नुसत्या बघत नाहीत, बोलतातही. झेलिंदा तरुणपणी त्या दिवशी दार उघडं ठेवून बसायची. पोरांचे लोंढे समोरून जायचे, डावीकडच्या दारात, उजवीकडच्या दारात. मग ती दार लावून परसात कोबी निंदायला जाऊ लागली. रविवारी काम करणं पाप, हे तिला माहीत नव्हतं का? पण करणार काय? ईस्टरचा पाव मात्र ती दर वर्षी भाजायची. चुकून कुणी आलंच तर? मग तो पाव तीच खायची, वाळेपर्यंत, एकटी.

तिच्या शेजारी अल्बेर्तिना राहायची. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. तिची लेक सेलेस्त लहानपणी अर्धा दिवस झेलिंदाच्याच स्वयंपाकघरात असायची. या सेलेस्तचा नवरा अमांदियु पॅरिसला घरं बांधायच्या कामावर होता. तो थंडीची सुट्टी घेऊन आला आणि सेलेस्त बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी अंथरुणात बसल्या बसल्या सेलेस्तनं जाहीर केलं, "हिची धर्मआई झेलिंदामावशी."

झेलिंदा तेव्हा तिथेच, चुलीवर बाळंतिणीसाठी कोंबडीचं सूप ढवळत होती. तिचा हात थांबला.

"डोकं फिरलंय तुझं," अल्बेर्तिना म्हणाली. झेलिंदा समोर आहे याची तिनं पर्वा केली नाही. चाळीस वर्षांच्या शेजारात पर्वा उरत नाही. "झेलिंदे, तू रागावू नकोस गं. तू माणूस सोन्यासारखी. पण नाव? काय त्या पोरीच्या जन्माचं वाटोळं करायचंय?"

"मी कशाला रागावू?" झेलिंदा म्हणाली. आणि तिनं पळी परत सुपात फिरवली.

तेवढ्यात अमांदियु मध्ये पडला. पॅरिसला जाऊन आल्यापासून त्याला सगळ्यातलं सगळं कळत असे. "आई, तुम्हाला जग ठाऊक नाही. माझ्याबरोबर एक इटालियन गवंडी आहे. त्याला हे नाव सांगितलं, तर तो म्हणाला, अरे वा! आमच्याकडे एक झेलिंदा मोठी गायिका आहे, भिंतीभिंतीवर तिचे फोटो. दुसरी एक पोहण्यात साऱ्या देशात पहिली आली. एक डॉक्टरीण आहे, तिच्या दारात पहाटेपासून रांग. आणि ब्राझीलला म्हणे एका झेलिंदानं अनाथ पोरींची शाळा काढली, तिच्या नावाचा रस्ता आहे तिथे. आपली भाषा बोलणाऱ्या लोकांत, बोला आता!"

"आणि फ्रेशेदात एक झेलिंदा कोबी लावते," अल्बेर्तिना म्हणाली. "तिचा रस्ता कुठला? परसातला!"

सगळे हसले. झेलिंदाही हसली. पण तिच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. तिला आजवर वाटत होतं, या नावाच्या जगात दोघीच, एक ती पळून गेलेली इटालियन बाई आणि एक आपण. आणि इथे तर गाणारी होती, पोहणारी होती, डॉक्टरीण होती. तिनं सूप वाढलं, वाडगा सेलेस्तच्या हातात दिला आणि हळूच अमांदियुला विचारलं, "त्या सगळ्यांचं लग्न-बिग्न झालंय का रे? पोरंबाळं?"

"ते काही विचारलं नाही बुवा," अमांदियु म्हणाला.

शेवटी अल्बेर्तिनाही पाघळली. म्हणाली, "जाऊ दे. नाहीतरी ती पॅरिसला वाढणार, तिथे काय, कुत्र्यांनाही राण्यांची नावं असतात."

मग झेलिंदा काय वागली म्हणता! ट्रंकेतली काळी शाल उन्हात टाकली. दोन हातांवर उशी धरून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, तान्हं कसं धरायचं ते विसरले असेन म्हणून. विसरली कसली, तिला येतच कधी होतं? परसात कोंबड्यांना दाणे टाकताना ती मोठ्यानं म्हणायची, "झेलिंदा, इकडे ये गं. झेलिंदा, पडशील." आयुष्यभर हे नाव तिनं फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. स्वतः कुणाला तरी त्या नावानं हाक मारायची, यात केवढा गोडवा होता! अल्बेर्तिनानं कुंपणावरून ऐकलं आणि एकदाही टोमणा मारला नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आमच्याकडे आई घरीच राहते. बाळंतपणाचे दिवस पुरे होऊन पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिल्याशिवाय तिनं चर्चची पायरी चढायची नसते. पोर घेऊन जाते ती धर्मआई, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापाशी नाव सांगते तीही धर्मआईच. तिच्या तोंडून जे निघेल ते नाव. बाप सोमवारी तालुक्याच्या कचेरीत जातो आणि तेच नाव लिहून घेतो. त्यात बापाला, आजीला, खुद्द बिशपला बोलायची सोय नाही.

तर झेलिंदा पोर छातीशी धरून चर्चच्या पायऱ्यांपाशी आली. पोर जागी होती. आत्याबाईसारखी टुकूटुकू बघत होती. तिनं एक हात दुपट्यातून काढला आणि म्हातारीच्या शालीची कड मुठीत घट्ट धरली. झेलिंदाला वाटलं, बास. आता मरण आलं तरी चालेल.

पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या. त्यांत भटारखान्याची सून रोझा, दिवस भरत आलेली, पोटावर हात ठेवून उभी. तिनं पोरीच्या गालाला बोट लावलं आणि हसत म्हणाली, "चला, झाल्या गावात दोन झेलिंदा! आता आम्हाला दोन दारं चुकवावी लागणार."

मनात वाईट काही नव्हतं हो तिच्या. सगळ्या खदखदून हसल्या. पण झेलिंदा जागच्या जागी थिजली. तिला एकदम दिसलं. गाणारी दिसली नाही, डॉक्टरीण दिसली नाही. या मुठीएवढ्या पोरीचं म्हातारपण दिसलं. पॅरिसहून माणसं परत येतात. हाडं मोडली की सगळे परत येतात. ही येईल, समोरच्या दारात बसेल, आणि या रोझाच्या पोटातलं पोर फांदी घेऊन तिच्या समोरून दुसऱ्या दारात जाईल. आणि हे सगळं कशासाठी? तर एका म्हातारीला परसात हाक मारायला कुणीतरी हवं होतं म्हणून. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

कुंडापाशी फादर बेल्मिरो पाण्याची शिंपली घेऊन उभे राहिले. "काय नाव ठेवता या लेकराचं?"

झेलिंदा पोरीच्या मुठीकडे बघत राहिली. फादरांनी परत विचारलं.

"रोझा," ती म्हणाली.

फादरांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचं नाव ठरलं होतं ना? अमांदियु तर म्हणाला..."

"रोझा म्हणाले मी. पाणी ओता फादर, पोर गारठतेय."

अमांदियु एक पाऊल पुढे आला आणि परत मागे सरला. दुसरं काय करणार होता?

परत येताना त्यानं रस्ताभर विचारलं, "पण का, मावशी? आम्ही काय कमी केलं?" ती पोरीचं दुपटं सारखं करत चालत राहिली. उंबऱ्यापाशी आल्यावर आतून सेलेस्तचा आवाज आला, "आली का माझी झेलिंदा?"

धर्मआईनं दारात उभं राहून ठरलेले शब्द म्हणायचे असतात. झेलिंदा म्हणाली, "बाई, बिननावाचं लेकरू नेलं होतं, देवाचं लेकरू करून आणलंय. घे. ही रोझा."

"रोझा?" सेलेस्त रडायलाच लागली. "मावशी, मी मनापासून दिलं होतं हो नाव!"

"ते कळलं मला," झेलिंदा म्हणाली. "म्हणून तर मला नाही देववलं."

अल्बेर्तिनानं मधली मोठी खुर्ची ओढून दिली, धर्मआईच्या मानाची. झेलिंदा बसली. मग बायका येऊ लागल्या. भटारखान्याची सून आली, तिनं नाव ऐकलं आणि किंचाळली, "अगं बाई, माझ्या नावाची!" तिनं पोर उचलून घेतली. तिची सासू रोझा, समोरची रोझा, नदीकाठची लंगडी रोझा, सगळ्या हक्क सांगायला पुढे. "आण इकडे, माझ्याच नावाची, माझी मिता आहे ती!" पोर या मांडीवरून त्या मांडीवर, त्या मांडीवरून आणखी पलीकडे फिरत राहिली. प्रत्येकीनं तिचे मुके घेतले, प्रत्येकीनं आपल्या नावाच्या संतिणीची गोष्ट सांगितली.

झेलिंदा हात पसरून बसली होती. पोर आता आपल्याकडे येईल, मग येईल, असं बघत होती. दिवेलागण झाली, बायका घरोघर गेल्या, सेलेस्तनं पोरीला पाजायला घेतलं. त्या दिवशी ती परत झेलिंदाच्या मांडीवर आलीच नाही.