झोप लागली, असं ती म्हणाली

आमच्या शेडमध्ये तिला सगळे 'वरची' म्हणायचे. छताखाली रूळ, रुळांवर क्रेन, क्रेनला टांगलेली केबिन आणि केबिनमध्ये ती. मी खाली. हुकाला बोजा बांधायचा आणि हाताच्या खुणांनी तिला उचल, थांब, टेकव सांगायचं, हे माझं काम. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. ती माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. शेडमध्येही भाऊजी म्हणायची आणि बोजा वाकडा बांधला असेल तर सगळ्यांदेखत हजामत करायची.

लोखंडाचा अवजड भाग ती लाकडी ठोकळ्यांवर असा टेकवायची की आवाज यायचा नाही. हे आपोआप येत नाही. तिने वर्षानुवर्षं मान मोडून ते कमावलं होतं.

पंचेचाळिशी उलटली, पाळी मागेपुढे होऊ लागली आणि तिचं काहीतरी बिनसलं. मला दिसत होतं ते एवढंच, की तिने पाणी पिणं सोडलं. घसा ओला ठेवायला घोटभर चहा, बस. शिडीशी यायची आणि चढायच्या आधी पुन्हा अंगण ओलांडून रंगखात्यामागच्या संडासाकडे जायची.

"वरचे, रोज तिकडे काय विसरतेस गं?" वेल्डरने एकदा विचारलं.

"तुझी अक्कल शोधते. सापडत नाही."

सगळे हसले. ती हसली नाही.

मग पंपाचं लोखंडी कवच उचलायचा तो दिवस आला. बोजा कमरेएवढा वर होता आणि मी कडेला हात लावून तो वळवत होतो. मी कसलीही खूण केली नव्हती. तरी तो झपकन खाली आला, आणि ब्रेक लागून तिथेच हिसका खाऊन थांबला. मी बोटं वेळेवर काढली. नसती काढली तर आज हे डाव्या हाताने लिहीत असतो.

वर पाहिलं. काचेमागे ती वाकून बसली होती. तिने बोजा कसाबसा टेकवला, शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरली आणि अंगणाकडे पळाली. परत आली तेव्हा भर उकाड्यात कमरेला स्वेटर बांधलेला.

"काय झालं वर?" फोरमनने विचारलं.

"झोप लागली."

क्रेनवर झोपणं म्हणजे पिऊन चढण्यासारखंच. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नाही, आणि तो तिने आपल्या तोंडाने कबूल केला.

"उद्या साहेबांसमोर हेच सांगायचं," फोरमन म्हणाला. "तोवर शिडीला हात लावायचा नाही."

पण झोपलेल्या माणसाला ब्रेक इतक्या चटकन सापडत नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती बहिणीला हाताला धरून घेऊन आली. वरची मोरीच्या दाराशेजारच्या खुर्चीत बसली.

"झोपली होतीस?" बायकोने विचारलं.

"हो."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुला न्हाऊमाखू घातलंय मी."

तिचा बांध फुटला. "ताई, सांगून येत नाही गं. लघवीची कळ आली की आलीच. पळायलाही वेळ देत नाही. आज वर असतानाच झालं, आणि दांड्यावरचा हात हलला."

मी उठून बाहेर जायला निघालो.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "बोटं तुमची जात होती."

"मग फोरमनला तसंच सांगायचं ना!" बायको ओरडली.

"काय सांगू? बाई वर बसून मुतते? झोपाळू म्हणून काढलं तर दुसरीकडे तोंड तरी दाखवता येईल. हे ऐकून कोण वर चढू देईल?"

खरं सांगितलं तर क्रेन जाणार, खोटं बोलून चढली तर खालचा माणूस जाणार. बायको म्हणाली, "खोटं बोलून यांच्या डोक्यावर बोजा फिरवणार असशील, तर आधी मलाच त्याखाली उभी कर."

सकाळी फाटकाशीच वरचीने फोरमनला गाठलं आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. मी शेजारी होतो. फोरमन हसला नाही, हळहळलाही नाही.

"बोजा लटकत असताना आली तर?" त्याने विचारलं.

तिने मान वर करून शेडकडे पाहिलं.

"उत्तर घेऊन ये. मग चढ. साहेबांना मी सांगतो." त्याने तिला शेडच्या कोपऱ्यात पॅकिंगला लावलं.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, साखर तपासली. संसर्ग नाही, मधुमेह नाही. मूत्राशय भरायच्या आधीच आवळतं, या वयात पुष्कळ बायकांना होतं, म्हणाल्या. पाणी पिणं सोडलं तिथेच चुकलं होतं. लघवी दाट झाली की ते आणखी चिडतं. पाणी थोडं थोडं प्यायचं, चहा कमी करायचा. घाई होईल तेव्हा नाही, घड्याळ बघून जायचं आणि मधलं अंतर हळूहळू वाढवायचं. कळ आली तर धावायचं नाही. जागेवर थांबायचं, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. कळ ओसरली की चालत जायचं. सोबत गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं.

मी जन्मभर वजनं उचलली. कष्ट घामावरून मोजायची सवय. या कष्टाला घाम नव्हता. खोकं हातात धरून ती मधेच थांबायची, भिंतीवर नजर रोवून. ओठ पांढरे व्हायचे. सुरुवातीला बहुतेकदा हरायची, आणि कमरेला स्वेटर बांधून घरी जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वर नवा ऑपरेटर होता. बोजा धप्पकन आपटायचा. मग आवाज कमी कमी होत गेला. तो शिकत होता. आवाज आला नाही की ती दचकून वर बघायची.

शेवटी तिने फोरमनला सांगितलं, "उत्तर आहे." तो स्वतः येऊन उभा राहिला. मी बोजा बांधला. तिने उचलला. अर्ध्या वाटेत, मी खूण न करता, क्रेन थांबली.

"आली वाटतं," फोरमन पुटपुटला.

बोजा लटकत होता. वर तिचं डोकं सरळ होतं, हालत नव्हतं. हूक किंचितही डुलत नव्हता. मग बोजा संथ उतरला आणि मोकळ्या जागेतल्या ठोकळ्यांवर टेकला. आवाज नाही. ती पायरी पायरीने खाली आली, अंगण ओलांडून गेली. चालत.

परतली तेव्हा फोरमन म्हणाला, "हेच उत्तर?"

"हेच. आधी बोजा, मग मी."

"आणि कळ थांबली नाही तर?"

ती म्हणाली, "तर मी भिजेन. बोजा पडणार नाही."

फोरमनने शिडीकडे बोट केलं. ती चढली. मी बोजाच्या कडेवरून हात काढून घेतले, दोन पावलं मागे झालो आणि उचलायची खूण केली.