गुडघ्याची बैठक

आमच्या मावसदिरांइतक्या थाटात दुखणं मिरवणारा माणूस अख्ख्या झाशीत सापडायचा नाही. हिमोफिलिया, म्हणजे रक्त वाहू लागलं की गोठायचं नाव नाही. आईकडून आलेलं, पण भाऊजी सांगायचे अशा ऐटीत, जणू आईनं हातातल्या पाटल्याच काढून दिल्यात. इलाइट चौराह्याच्या गर्दीत दोन्ही हात पसरून ओरडायचे, "भैया, सँभल के! काँच का आदमी है!" टेम्पोसुद्धा थांबायचा, आणि त्या मोकळ्या वाटेनं मागून मी करवलीसारखी मुरडत जायची. गुडघ्यात आतल्या आत रक्त साचून सूज आली की थर्मासमधला बर्फ लावायचे, आणि उरलेल्याचं सरबत आल्यागेल्याला पाजायचे. दोन पेले रिचवल्यावर मी विचारलं, "भाऊजी, बर्फ कुठला हो?" म्हणाले, "उजव्या गुडघ्याचा."

तोच उजवा गुडघा पुढं असा आखडला, की अंगणात यायचं म्हणजे काशीयात्रा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलू, पण आधी तोंडातली ती किडकी दाढ काढा, नाहीतर तिथले जंतू नव्या गुडघ्यात उतरतील. दातवाल्या बाई म्हणाल्या, रक्ताच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी दाढेला हात लावणार नाही. रक्ताचे डॉक्टर म्हणाले, रक्त गोठायचं इंजेक्शन मागवावं लागतं, आधी ऑपरेशनची तारीख आणा. व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या, मांडीत जोर येईपर्यंत तारीखच घेऊ नका. झालं, आम्ही घाण्याच्या बैलासारखे गोल गोल.

शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे निरोपानिरोपीनं जमायचं नाही. बैठक बसवू." आणि लग्नाची बोलणी करावी तशी, हातापाया पडून, चौघांना एका खोलीत बसवलं. मी जरीची साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन हजर.

रक्ताच्या डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, आप इनकी कौन?"

भाऊजीच बोलले, "लड़के की माँ हैं, साहब."

"और लड़का?"

"मेरा घुटना."

माझं शिक्षण किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालेलं, त्यामुळे प्रत्येक ज्ञान अर्ध्यात फाटलेलं. तरी मी सल्ला दिलाच: दाढ आणि गुडघा एकाच दिवशी काढा, एक चक्कर वाचेल. भाऊजींनी घाईघाईनं लाडू फिरवले. तोंडं हलू लागली तशी ती चौघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलू लागली, आणि डबा संपेपर्यंत ठरलंसुद्धा: आधी व्यायाम, मग इंजेक्शनच्या आधारानं दाढ, ती जखम भरली की गुडघा. श्रेय अर्थात मी लाडवांना दिलं.

भाऊजी मात्र अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साहब, चल तो लूँगा न?" तेव्हा कळलं, टेबलाखाली त्यांनी माझा पदर मुठीत घट्ट धरलाय.

परवा, नवा गुडघा बसल्यावर पहिल्यांदाच, आम्ही लक्ष्मी तालावर, तळ्याकाठी फिरायला गेलो. ते पुढं, मी मागं, धापा टाकत. मी हाक मारणार होते, नाही मारली. मीच पायरीवर टेकले. इतक्या वर्षांत मला मागं टाकून जाणारी भाऊजींची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. बरीच सरळ आहे. काठाकाठानं ती लहान लहान होत गेली, आणि मी वेडी उगाच डोळे पुसत बसले.